धुरीकाकांची बंदूक

नळीच्या तोंडापासून दोन बोटं आत ज्वारीच्या दाण्याएवढा तांबूस डाग होता. हवालदार वैजयंतानं टॉर्च तिरपा धरला, तेव्हा त्याच्यामागे तसेच आणखी सात दिसले.

निवडणुकीआधी परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करताना धुरीकाकांनी ती तेलकट फडक्यात गुंडाळून आणली होती. "दर रविवारी तेलाचो हात फिरव गो," असं बजावलंही होतं. ते फडकं तिला कळकट वाटलं. ते फेकून तिनं बंदूक पुसली, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधली आणि विसरून गेली. आत कोंडलेल्या दमटपणानं दोन महिन्यांत गंज चढला.

बाहेरून घासून तिनं ती चकचकीत केली होती. आतला गंज निघत नव्हता. तीनदा तिनं काकांना "उद्या या" सांगून परत पाठवलं होतं.

"काय गो बाय, आज तरी देतलंस?" काका दारातूनच हसले. "थंय रानडुकरां माझी वाट बघतत." बंदूक हातात घेऊन त्यांनी नळीवरून बोट फिरवलं. "पोटच्या पोरासारखी सांभाळलंस गो."

वैजयंतानं बंदुकीवर हात ठेवला.

"काका, हिचा बार काढू नका, नळी आतून गंजलीय, फुटेल," ती म्हणाली. "मी एकदाही तेल दिलं नाही."