पडद्यामागचा तिसरा उमेदवार

"नाव नको, चेहरा नको. फक्त आवाज," फहद म्हणाला. "ऑफिसमध्ये हल्ली असेच ब्लाइंड इंटरव्ह्यू घेतात, अंकल. वशिला खलास."

चेअरमन आडवे येतील असं फहदला वाटलं होतं, पण खैरुद्दीननं लगेच मान डोलावली. रत्नागिरीकडच्या एका गावच्या लोकांची ही दुबईतली जमात. तिची घटना नव्यानं लिहायला पाच स्वयंसेवक हवे होते. आजवर समिती कुठलीही असो, निवड खैरुद्दीनच्या घरी बिर्याणीच्या ताटावर व्हायची. यंदा पोरांनी ओरड केली म्हणून ही नवी पद्धत.

खैरुद्दीनही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. सगळी एका गावची माणसं. नुसता खोकला ऐकून तो घर सांगायचा. पडदा लावून फहद त्याच्यापासून डोंबल लपवणार होता?

चार जागा भरल्या होत्या, दोन त्याच्या बाजूच्या, दोन पोरांच्या. पाचवीसाठी रविवारी दुपारी अल कुसैसच्या हॉलमध्ये तिघांना बोलावलं होतं. घरामागे एक अर्ज, एवढीच अट. ही जागा खैरुद्दीनला मेहुण्यासाठी हवी होती, कारण जुन्या घटनेतलं एक कलम त्याला जिवापाड जपायचं होतं. सभासद इथे वारला तर मय्यत गावी पाठवायची की इथेच दफन करायची, हे चेअरमन ठरवील. लोक त्याला वचकून होते ते त्या कलमामुळे.

हॉलच्या मधोमध जमातीचा हिरवा पडदा लावला होता. कार्यक्रमात बायकांची बाजू वेगळी करायला लावतात, तोच. उमेदवार मागच्या दारानं येणार होते आणि फहदची बहीण हिबा त्यांना बसवणार होती. पडद्याच्या अलीकडे खैरुद्दीन, फहद आणि म्हातारे हम्मादभाय बसले.

पहिल्यानं घसा खाकरताच खैरुद्दीननं ओळखलं, हा बेकरीवाला कादर. तो वर्गणीवर बोलला. खैरुद्दीननं चार गुण दिले. दुसरा मेहुणा. त्यानं घोकून आणलेलं उत्तर न अडखळता म्हटलं आणि खैरुद्दीननं तोंड गंभीर ठेवून त्याला नऊ दिले.

"नेक्स्ट," हिबा पलीकडून म्हणाली.

खुर्ची सरकली. मग काहीच नाही. एसीच्या गारठ्यात आधीचे दोघे खोकले-खाकरले होते. इथे खोकला नाही, श्वास नाही. फक्त तसबीहचे मणी सरकावेत तशी बारीक टिकटिक ऐकू येत होती.

"बोला," फहद म्हणाला. "कुठला नियम बदलाल?"

टिकटिक थांबली.

"मय्यतीचं कलम, खैरूभाय."

खैरुद्दीनच्या हातातला चहा मांडीवर सांडला. हम्मादभायंनी त्याचा दंड गच्च धरला.

तो मुश्ताकचा आवाज होता. थोडा घोगरा, 'भाय' लांबवणारा. मुश्ताक दूर रुवैसच्या रिफायनरीत होता. महिन्यातून एकदा घरी यायचा, बाकीचा संसार त्यानं व्हॉइस मेसेजवर केला; बायकोच्या फोनमध्ये त्याच्या आवाजाचा ढीग साठला होता. गेल्या हिवाळ्यात तो हार्ट अटॅकनं गेला. त्याला इथेच दफन करायचं हे याच हॉलमध्ये ठरलं होतं. कबरीत उतरून त्याचा चेहरा किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला वळवला होता तो खैरुद्दीननंच.

फहदचं कुटुंब यंदाच अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतून इकडे आलेलं. त्यानं मुश्ताकला कधी ऐकलं नव्हतं. तो उत्साहानं पुढे वाकला. "इंटरेस्टिंग. पण का बदलायचं?"

पुन्हा टिकटिक. मग आवाज.

"त्या दिवशी या हॉलमध्ये सगळे बोलले. पडद्यापलीकडे सगळं ऐकू येत होतं. तिथे विचारायला कुणी आलं नाही."

"हिबा, कोण आहे गं तिकडे?" खैरुद्दीनचा आवाज चिरकला.

"नेम्स नॉट अलाउड, अंकल."

हम्मादभाय दुआ पुटपुटायला लागले. खैरुद्दीनला ती बैठक आठवली. मय्यत गावी पाठवायची म्हणजे कागदांमागे धावण्यात चार दिवस गेले असते आणि त्याच्या घरी मुलीचा साखरपुडा होता. इथलंच बरं, असं तो तेव्हा म्हणाला होता. सगळ्यांनी माना हलवल्या होत्या.

प्रश्न विचारायची पाळी फहदची होती, पण खैरुद्दीनला राहवेना.

"कुठे... कुठे जायचं होतं?"

या वेळी टिकटिक बराच वेळ चालली.

"गावी. आईच्या बाजूला. घरात सांगून ठेवलेलं होतं, खैरूभाय."

तेच 'खैरूभाय'. मघासारखंच, तसूभरही वर नाही की खाली नाही. जिवंत माणूस एकच शब्द दोनदा असा म्हणत नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

"दहा," तो म्हणाला. "दहापैकी दहा. जागा याची."

"अंकल, आर यू शुअर?" फहदला आपल्या कानांवर विश्वास बसेना.

"मी शब्द देतो, या जागेवरून याला कुणी हलवणार नाही. कलमही बदला. आता जाऊ दे त्याला, बाबा."

"मग रिझल्ट फायनल. यल्ला, अभिनंदन करू," म्हणत फहद उठला आणि कुणी अडवायच्या आत त्यानं पडदा ओढला.

हम्मादभायंनी डोळे मिटून घेतले. खैरुद्दीनला ते मिटता आले नाहीत.

खुर्चीत काळ्या अबायात मुश्ताकची बायको जुलेखा ताठ बसली होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मांडीवरच्या फोनवर तिनं नखानं टिकटिक करत एक वाक्य टाइप केलं, मान वर करून खैरुद्दीनकडे पाहिलं, आणि फोनमधून मुश्ताकनं विचारलं, "पहिली बैठक कधी, खैरूभाय?"