सोळावर लाव

"ए, कोण रे तू? कॅमेरा माझ्या बिल्डिंगकडे कशाला वळवलायस?"

सीताराम घाडी धापा टाकत गच्चीवर पोचला तेव्हा नुकतंच अंधारलं होतं. रस्त्यापलीकडे, समोरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर. तिथूनच त्याला हा स्टँड दिसला आणि तो लेंग्यावरच धावत सुटला.

"मी दशरथ. बँकेच्या सत्त्याऐंशीच्या कॅलेंडरसाठी रात्रीचं घाटकोपर काढतोय, काका," पोरगा म्हणाला. "मागे असल्फ्याच्या टेकडीवरचे दिवे. झकास येतं."

"काका कोणाक म्हणतस रे मेल्या? उचलून खाली फेकीन कॅमेरा!"

डोकं फिरायला कारणही होतं. बाळा नावाच्या एका पोराने चौकीत तक्रार ठोकली होती. म्हणे, लग्न करू द्यायचं नाही म्हणून घाडीने आपली मुलगी नीला घरात कोंडून ठेवलीय. हवालदार दारात येऊन गेला. "पोरगी कणकवलीला आत्याकडे गेलीय," सीतारामने त्याला ठणकावून सांगितलं. बायकोनेही मान डोलावली. हवालदार चहा प्यायला आणि जाताना म्हणाला, "तो पोरगा पुरावा आणतो म्हणतोय, बघा बुवा." अख्ख्या बिल्डिंगसमोर इज्जतीचा पंचनामा! बाळाला सीताराम चांगला ओळखत होता, मागेच दोन कानाखाली ठेवून दिल्या होत्या. हा पोरगा तो नव्हता, म्हणून अजून शाबूत होता.

"फोटोत माणूस येता कामा नये," सीताराम गुरकावला. "एकसुद्धा. आमच्याकडे बायाबापड्या राहतात."

"मग तुम्हीच सांगा, कसं लावू? लेन्सचं भोक पूर्ण उघडलं तर फोटो झटक्यात निघतो. पण खिडकीतली, रस्त्यावरची, सगळी माणसं येतात."

"आणि नाहीतर?"

"भोक बारीक करायचं, सोळावर. आणि शटर अर्धं मिनिट उघडं ठेवायचं. गाड्यांच्या नुसत्या रेघा येतात. जो हलतो तो पुसला जातो."

"सगळे पुसले जातात?"

"हलणारे सगळे."

सीतारामने समोर नजर टाकली. घरात ट्यूबलाइट, खिडकीला पडदा ओढलेला. जिवाला जरा बरं वाटलं.

"सोळावर लाव. माझ्यादेखत. शेंडी लावलीस तर तंगडं तोडीन."

दशरथने लेन्सची कडी फिरवली. सीतारामने वाकून, डोळे बारीक करून आकडा स्वतः वाचला. सोळाच होता. दशरथ मात्र समोर बघत नुसताच उभा.

"आता काय मुहूर्त बघतोस?"

"बस जाऊ दे ना पुढे."

बस गेली, तरी तो जरा थांबला. मग त्याने वायरचं बटण दाबलं. खट्.

"आता तुम्हीच सेकंद मोजा, काका. मला घाई होते."

सीतारामने त्याचं मनगट धरून घड्याळ आपल्याकडे ओढलं आणि रस्त्याकडे पाठ करून काट्यावर डोळे रोवले. साल्याने मध्येच काही गडबड केली असती तर तिथेच बुकलला असता. पण पोरगा गुमान उभा होता. खाली ट्रक बोंबलत होते.

"झालं! कर बंद. आणि चालता हो इथून."

खट्. सीताराम वळला. समोरचा पडदा पूर्ण बाजूला सारलेला होता, आणि इतका वेळ खिडकीचे गज धरून ताठ उभी असलेली नीला आत्ता कुठे हलली.