ब्रिस्केटचे बारा तास

"हा घेऊ. वीस मिनिटांत काम फत्ते," म्हणत रॉइसने दुकानातल्या गॅसच्या ग्रिलवर थाप मारली.

त्याची बायको अर्लीन शेजारच्या स्मोकरपाशी उभी होती. लाकडाच्या गोळ्या आपोआप आगीत पडतात आणि मांस धुरावर हळूहळू शिजतं, असं विक्रेता तिला सांगत होता.

"किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

"ब्रिस्केटला, म्हणजे गाईच्या छातीच्या अख्ख्या तुकड्याला, बारा तास, मॅडम."

"बारा तास!" रॉइस म्हणाला. "मग तुला बहिणीकडे कोण नेणार?"

रॉइसला रेल्वेतून निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून तो अर्लीनच्या पाठीपाठी असे. ती केस कापायला गेली तरी हा बाहेर गाडीत बसून राही. किल्ली त्याच्याच खिशात. त्यांच्या अ‍ॅबिलीन गावातल्या बायकांना त्याचं भारी कौतुक होतं. अर्लीन मात्र पार थकली होती. तिला एक शनिवार हवा होता, फक्त स्वतःचा.

"बहीण कुठे पळून जातेय?" ती म्हणाली. "तुझ्या वडिलांसारखं ब्रिस्केट कर की एकदा. गॅसवर काय, कुणीही भाजेल."

हे रॉइसला लागलं. "पण आग यंत्र सांभाळणार? मग मी काय करू, माशा मारू?"

"यंत्रावर भरवसा ठेवणारा टेक्सासचा माणूस मी अजून पाहिला नाही, काका," विक्रेता हसला. "सगळे दिवसभर शेजारीच खुर्ची टाकून बसतात."

"दे हाच," अर्लीन म्हणाली.

शनिवारी सकाळी सहाला रॉइसने मांस चढवलं. अर्लीनने मागच्या अंगणात खुर्ची मांडली, बर्फाच्या पेटीत बिअर भरली, दुपारची सँडविचंही आणून ठेवली. गॅरेजमध्ये बाथरूम होतीच.

"आत यायची गरजच नाही तुला," ती म्हणाली. आवाज इतका मऊ होता की रॉइस जरा लाजलाच. दुपारी त्याने रेडिओवर बेसबॉलचा सामना मोठ्याने लावला. घरासमोर ट्रक थांबल्याचा आवाज त्यात बुडून गेला. तो दिवसभर जागचा हलला नाही.

संध्याकाळी सुरी मांसात अलगद उतरली. इतकं छान त्याला आयुष्यात जमलं नव्हतं.

"अर्लीन, ताटं आण गं!"

थोडा वेळ त्याने वाट पाहिली. मांसाचा ट्रे दोन्ही हातांत धरून, पायाने दार ढकलत तो आत गेला.

स्वयंपाकघरात ताटं नव्हती. ताटांचं कपाटही नव्हतं.