सोमवारचा आवाज

"खुनाच्या प्रसंगाला यातला कुठला आवाज घेऊ?" हेमांगीने विचारलं. समोर तिचा संगीतकार नवरा आणि सिनेमाच्या दिग्दर्शिका बाई बसले होते. एकच रेकॉर्डिंग तिने दोन वेव्हटेबल सिंथेसायझरमध्ये घातलं होतं. कुठल्याही आवाजाच्या लहरी घेऊन त्यांचा सूर बनवणारी ही सॉफ्टवेअरं.

तिने पहिला वाजवला. गुरगुर आली, पण लोण्यात बुडवलेली.

"हा खून करतोय की अंगाई गातोय?" नवरा खेकसला.

दुसऱ्याची कळ दाबताच टेबलावरचा ग्लास थरथरला. हेमांगीच्या ओठातले टाके ठणकले, तरी तिने बोट उचललं नाही.

"हाच!" नवऱ्याने मांडीवर थाप मारली. "नुसतं जनावर आहे! कुठल्या प्राण्याचा आवाज घातलास?"

"तुझा. सोमवारी माइक चालू राहिला होता."

तिने मूळ रेकॉर्डिंग लावलं. त्याच्या शिव्या, पट्ट्याचे फटके, तिची किंकाळी, सगळं खोलीभर घुमलं. सवयीने त्याचा हात उगारला गेला. दिग्दर्शिका बाईंनी तो मनगटाशी घट्ट धरला.

"हलू नकोस," हेमांगी म्हणाली आणि तिने आवाज आणखी वाढवला. "अजून अकरा मिनिटं बाकी आहेत."