परक्या कंपनीचा फ्लॅश

"गोठ्यातला कंदील घेऊन आलीस होय गं?" फानीचा परक्या कंपनीचा स्वस्त फ्लॅश बघून स्टेर्गिओसकाका म्हणाले, तसं कोझानी शहरातलं अख्खं चर्च हसलं. याच फ्लॅशपायी त्यांनी तिला आपल्या स्टुडिओतल्या नोकरीवरून हाकललं होतं. आज लेकीच्या लग्नाचे फोटो ते स्वतःच काढत होते, कॅमेऱ्याच्याच कंपनीच्या महागड्या फ्लॅशनं.

"बायकोनं नवऱ्याच्या धाकात राहावं," पाद्री म्हणाले. आता रीतीप्रमाणे, आपण धाकात राहणार नाही हे दाखवायला, नवरी नवऱ्याचा पाय तुडवणार, नेमका तेव्हाच काकांचा फ्लॅश बंद पडला.

"फानी, तुझा दे गं, लवकर!" त्यांनी हात पसरला.

"कंदील कशाला हवाय, काका?" म्हणत तिनंच आपल्या कॅमेऱ्यानं फोटो काढला.


तो आता तिच्या नव्या दुकानाच्या काचेत लागलाय. पुढे नवरीचा उचललेला पाय, मागे काकांचा पसरलेला हात आणि खाली पाटी: 'कंदिलाच्या उजेडात काढलेला फोटो.'