समेवरची मान

"मान नेमकी कधी हलवायची, आचार्य?" गणपत काटकरांनी विचारले आणि मांडीवरची वही उघडली.

बाळाचार्यांनी तोंडाशी नेलेली सुपारी खाली ठेवली. धारवाडातील एकही मैफल न चुकविणारे रसिक म्हणून त्यांची ख्याती होती. निवृत्त शिक्षक असल्याने त्यांच्याकडे शंका विचारणारेही पुष्कळ येत. परंतु अशी शंका घेऊन कोणी आले नव्हते.

"गाणं आवडलं की मान आपोआप हलते. ती काय शिकवायची?"

"माझी हलत नाही. शिकवा," काटकर मोठ्या आवाजात म्हणाले. हुबळीच्या दाजीबानपेठेत तीस वर्षे कापड विकून आवाज चढला असावा, अशी आचार्यांनी आपली समजूत करून घेतली.

कारण साधे होते. काटकरांची कन्या स्मृती सहा वर्षे धारवाडात गुरूंच्या घरी राहून गाणे शिकत होती. महिनाभराने ती धारवाडजवळच्या रायापूरच्या एका सभागृहात प्रथमच एकटी गाणार होती.

"गाताना ती माझ्याच तोंडाकडे बघते. लहानपणापासूनची खोड," काटकर म्हणाले. "तिची आई गेली तेव्हा, अप्पा एकटे पडले म्हणून, वर्षभर तंबोरा गवसणीत ठेवून दुकानात बसली. किती भांडून परत पाठवलं मी. आता माझं तोंड कोरं दिसलं, की तिला वाटणार अप्पांचं काही बिनसलंय. पुन्हा येऊन गल्ल्यावर बसेल. ते मी होऊ देणार नाही."

"म्हणजे तुम्हाला रसिक व्हायचं नाही, दिसायचं आहे."

"दिसलो तरी पुरे की. व्हायचं मागाहून बघू."

हा प्रामाणिकपणा आचार्यांना आवडला. चार रविवार ठरले.

काटकर हुबळीहून सकाळच्या बसने येत. ओसरीच्या सावलीतील खुर्ची उचलून उजेडात ठेवीत आणि आचार्यांच्या अगदी समोर बसत. लिहायला बरे पडते, असे त्यांचे म्हणणे होते.

"तालाचा फेरा फिरून जिथं परत येतो, ती सम," आचार्यांनी आरंभ केला. "मान तिथं पडली पाहिजे. आता डोळे मिटा आणि ऐका."

काटकरांनी डोळे मिटले नाहीत. "आधी बघून शिकतो. समेला तबलजीचा हात कसा पडतो, ते करून दाखवा."

आचार्यांनी मेजावर ठेका धरला. काटकरांनी टिपून घेतले: समेच्या आधी तबलजीची मान किंचित वर जाते, गाणाऱ्याचा डावा हात उतरू लागतो, शेजारच्यांचे खांदे पुढे झुकतात. 'वा' म्हणायचे ते हळू, आणि फार वेळा नाही.

दुसऱ्या रविवारी आचार्यांच्या पत्नी जयलक्ष्मी चहा घेऊन काटकरांच्या मागे उभ्या राहिल्या. "चहा तगोळ्री, अण्णा, घ्या ना," त्या दोनदा म्हणाल्या. काटकरांची नजर आचार्यांच्या बोटांवर खिळलेली होती. चहा निवून गेला.

"बघितलंस? पस्तीस वर्षं शिकवलं, पण असा विद्यार्थी मिळाला नाही," आचार्य म्हणाले.

"कापडवाले ना ते," जयलक्ष्मी हसल्या. "गाणंसुद्धा मोजून घेतायत."

तिसऱ्या रविवारी परीक्षा झाली. आचार्यांनी रेडिओवर गाणे लावले आणि मान हलवून दाखवण्यास सांगितले. काटकरांची मान एकदाही जागेवर पडली नाही.

"काटकर, हे अवघड आहे."

"डब्याला हात नाहीत, तोंड नाही. माझ्यापुढं माणूस पाहिजे," काटकर म्हणाले, आणि चौथ्या रविवारी एका तबलजीला पदरमोड करून सोबत घेऊन आले. दुपारपर्यंत त्याला थांबू दिले नाही. उठताना त्यांची मान बारा वेळा लागोपाठ समेवर पडली होती.

मैफलीच्या संध्याकाळी ते पहिल्या रांगेत मधोमध बसले. शेजारी आचार्य होते. स्मृतीने श्रोत्यांना नमस्कार केला, वडिलांना पाहिले आणि संथ लयीतील ख्याल आरंभिला. पहिले आवर्तन फिरून आले. तबलजीचा हात पडला, त्याच क्षणी काटकरांची मान पडली. मुलीचा चेहरा उजळला.

अर्धी मैफल झाली असेल, तोच ध्वनिक्षेपकातून कानठळ्या बसविणारी किंचाळी उठली. लोकांनी कानांवर हात घेतले. मागे एक मूल रडू लागले. तबलजी बिचकला आणि स्मृतीचा स्वर तुटला. तिने घाबरून वडिलांकडे पाहिले.

काटकरांची पापणीही लवली नव्हती. मुद्रेवर पूर्वीचेच समाधान होते.

स्मृती क्षणभर त्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग तिने श्वास घेतला, तुटलेला स्वर उचलला आणि अशी काही समेवर आली की सभागृहाने एकमुखाने दाद दिली. काटकरांची मान बरोबर जागेवर होती.

मैफल संपताच ती रंगमंचाच्या दिव्याखाली वडिलांसमोर उभी राहिली.

"अप्पा, स्वर तुटला तेव्हा उठून जावंसं वाटलं. तुम्ही हललासुद्धा नाही."

"उठून कुठं जाणार होतीस? दुकानात जागा नाही तुला."

ती हसली. "बेळगावला बोलावलंय मला. जाऊ?"

"जा. आणि मागं बघू नकोस."

गुरूंनी हाक मारली तशी ती आत गेली. रखवालदाराने एकेक दिवा मालवण्यास सुरुवात केली. काटकर दाराकडे निघाले. आचार्य मागून येत म्हणाले,

"काटकर, आज मला माझीच लाज वाटली. चाळीस वर्षं गाणं ऐकतोय, तरी मीही कानांवर हात घेतले. तुमच्यासारखं ऐकणं मला जमलं नाही."

काटकर चालतच राहिले. आचार्यांनी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काटकर वळले आणि त्या काळोखात आचार्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहू लागले.

"जरा दिव्याखाली चला, आचार्य," ते म्हणाले. "इथं मला तुमचे ओठ दिसत नाहीत."