यादीतलं शेवटचं नाव

"झिमरमन," सार्जंट ओचोआनं वाचलं. खरं तर यादी तिथंच संपायला हवी होती. नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने लागतात, झिमरमनच्या पुढे कोण उरणार? पण ओचोआबाईंनी कागदावरची नजर न काढता म्हटलं, "रॅटलिफ."

रांगेत खसखस पिकली. सलग नववा सोमवार होता. आला बघा कॉम्प्युटरचा लाडका, असं मागून कुणीतरी पुटपुटलं.

"हजर," रॅटलिफ म्हणाला आणि बाटल्यांच्या टेबलाकडे निघाला. चेहरा असा, जसं काही सुट्टीच मंजूर झाली आहे.

सैन्यात नशा पकडायला होणाऱ्या लघवीच्या तपासणीत कुणाचं नाव निघेल ते कॉम्प्युटर ठरवतो. आज शिपायाचं, उद्या कॅप्टनचं. म्हणून तर कुणी कुरकुरत नाही. समोर एक जण डोळ्यांत तेल घालून बघत उभा असतो, आणि भरलेली बाटली सगळ्यांना दिसेल अशी हातात धरून टेबलापर्यंत न्यायची असते. लाज पहिल्या वर्षीच संपते. पण दर आठवड्याला एकाच माणसाचं नाव निघायला लागलं, की लोकांना संशयाचा वास यायला लागतो.

हे लँड्रीला सहन होत नव्हतं. तीन वर्षं तो आणि रॅटलिफ एका खोलीत राहत होते. लँड्री लुईझियानाचा, सरळमार्गी, पण कुणाच्याही भानगडीत नाक खुपसणारा. रॅटलिफ केंटकीच्या कोळशाच्या डोंगरातला. तिकडे घराघरांत नशेच्या गोळ्या खातात, असं छावणीत सगळेच म्हणत. त्यातून दोन वर्षांपूर्वी पॅराशूटनं उतरताना त्याची पाठ मोडली होती आणि तो महिनाभर इस्पितळात वेदनाशामक गोळ्यांवर होता. आता बढतीसाठी त्याची मुलाखत तोंडावर आली होती. नऊही बाटल्या स्वच्छ निघाल्या होत्या, पण ते कोण लक्षात ठेवतो? लक्षात राहतं ते नाव निघालं एवढंच.

नाश्त्याला लँड्रीनं अंड्यांवर तिखट सॉस ओतत विषय काढला. "नऊ वेळा, लेका! तू डोंगरातला म्हणून ती बाई तुला छळतेय."

"नाव निघालं की बाटली भरायची," रॅटलिफ म्हणाला. "सोड ना. ओचोआ चांगली बाई आहे."

हा असाच भिडस्त राहणार आणि एक दिवस बढती हातची घालवणार, याचा लँड्रीला भयंकर राग आला. दहाव्या सोमवारी बाटलीवर नजर ठेवायचं काम नेमकं त्याच्याकडे होतं. टेबलावर यादी उघडी पडली होती. आठ नावं छापलेली होती. नववं, सगळ्यांत खाली, निळ्या शाईनं हातानं लिहिलेलं होतं.

लँड्री तडक कॅप्टनकडे गेला.

कॅप्टननं तिघांनाही बोलावलं. नाव कुणी लिहिलं म्हणून विचारलं, तेव्हा ओचोआनं आढेवेढे घेतले नाहीत. आपणच लिहिलं, दर वेळी, म्हणाली. का, असं विचारल्यावर मात्र तिनं रॅटलिफकडे पाहिलं. रॅटलिफ बुटांकडे बघत होता. ओचोआनं नजर पुन्हा कॅप्टनकडे वळवली.

"माझी चूक झाली, सर."

अठरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा तिला लेखी ठपका मिळाला. काम काढून घेतलं गेलं. यापुढे यादी कॅप्टन स्वतः वाचणार आणि त्यात पेन लागणार नाही, असं ठरलं. लँड्रीची छाती अभिमानानं भरून आली. बाहेर पडताना ओचोआनं त्याला थांबवलं.

"रविवारी त्याला एकट्याला सोडू नकोस."

आता ही मला शिकवणार, असं मनात म्हणत लँड्री पुढे गेला.

पुढच्या सोमवारी छापलेल्या नावांशीच यादी संपली. रांग मोडली तरी रॅटलिफ जागचा हलला नाही. लँड्रीनं त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"सुटलास!"

"हो," रॅटलिफ हसला. "सुटलो."

त्यानंतरचे चार सोमवारही तसेच गेले. बढतीची मुलाखत झाली, चांगली झाली. पाचव्या शनिवारी लँड्री बहिणीच्या लग्नाला गावी निघाला. चल म्हणून त्यानं रॅटलिफलाही आग्रह केला. पाठ दुखतेय, सुट्टी झोपून काढतो, असं रॅटलिफ म्हणाला.

सोमवारी पहाटे तो रांगेत आला नाही. बिछान्यातच निष्प्राण सापडला. बाहेरून घेतलेल्या गोळ्या होत्या, त्यांत काय भेसळ होती देव जाणे. लँड्रीला ते खरंच वाटेना. दहा बाटल्या स्वच्छ निघालेला माणूस! कुणीतरी दिल्या असतील, फसवलं असेल, असं तो भेटेल त्याला सांगत राहिला आणि रडत राहिला.

प्रार्थनाघरात त्याचे बूट, बंदूक आणि त्यावर हेल्मेट ठेवलं होतं. रिवाजाप्रमाणे गेलेल्याचंही नाव पुकारून हजेरी झाली.

"लँड्री."

"हजर."

"रॅटलिफ."

कुणी हललं नाही.

"शिपाई रॅटलिफ."

"शिपाई वेन्डेल रॅटलिफ."

तेच नाव, पुन्हा सगळ्यांत शेवटी. या वेळी कुणी हसलं नाही.

बाहेर ओचोआ उभी होती. तिच्या हातात एक चौपदरी कागद होता, घड्यांवर झिजलेला. तुझ्याजवळच असलेला बरा, एवढंच म्हणून ती गाडीकडे गेली. लँड्रीनं कागद उघडला. रॅटलिफचं वेडंवाकडं अक्षर त्यानं लगेच ओळखलं.

"सार्जंट, दर सोमवारी माझं नाव यादीत टाका. बाटली भरायची आहे एवढं माहीत असलं, की मी गोळीला हात लावत नाही. उपचार घेतले तर कागदावर चढेल आणि वर्दी जाईल. लँड्रीला मात्र कळू देऊ नका. त्याच्या लेखी मी धडधाकट आहे."